ताट घरात आहे तोवर

तंजावर, २ मार्च १९९७

रघू,

नगरपालिकेचा शंख तुला आठवतो का? खरा शंख नव्हे, पाण्याच्या टाकीवर बसवलेला भोंगा. पण गावानं त्याला शंखच म्हटलं. सकाळी वाजायच्या आधी तो घशात काही अडकल्यासारखा घरघरायचा आणि मग टाकीवरची सगळी कबुतरं उडवून मोकळा व्हायचा. ती घरघर ऐकली की आपल्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, मांडी घालून बसलेली तुम्ही मुलं कविता सुरू करायचात. शंखाच्या वर आवाज न्यायचा, ही पैज. तुझा आवाज दुसऱ्या ओळीला फाटायचा. बाळकृष्ण मात्र मानेच्या शिरा ताणून शेवटपर्यंत जायचा:

घागर भरुनी जाई बाला,
तळे न पुसते नाव तियेला;
देता देता उणे न होई,
घेणाऱ्याची ओंजळ राही.

कवी कोण ते आपल्याला कधी कळलं नाही. माझ्या वडिलांनी पुण्याहून आणलेल्या वाचनमालेचं ते पानच खाली फाटलेलं होतं.

तर तो शंख परवा कौन्सिलनं मोडीत काढला. चंद्रमती सभेवरून आली, रात्री जेवताना म्हणाली, "मामंजी, आज तुमचा शंख गेला. हात वर झाले, संपलं." मी म्हटलं, "तू वर केलास?" तर म्हणाली, "गंजून चाळणी झाली होती त्याची. त्याच्यासाठी भांडले तर राणीकुळमसाठी कोण भांडेल?"

हे सगळं मी तुला का लिहितो आहे, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू माझा आवाज ऐकत नाहीस. मी रिसीव्हर उचलला की खाली ठेवतोस. त्याचा राग नाही. तुला तिण्णैवर कॅसेटचं दुकान घालायचं होतं, मी म्हटलं माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, आणि तू मस्कतला गेलास. मग तुझ्याच बायकोनं, चंद्रमतीनं, त्याच तिण्णैला काच लावून एसटीडी बूथ काढला आणि मी तिथं बसून लोकांना बिलं फाडून देतो. हसायचं तर हस. पण देवनागरी तुला मी शिकवली आहे, आणि या गावात ती वाचणारी माणसं आता बोटांवर मोजावी लागतात. म्हणून लिहितो.

राणीकुळम म्हणजे आपलं तळं. कालव्याला कावेरीचं पाणी सुटलं की ते भरतं आणि आपल्या वॉर्डातल्या विहिरी गोड होतात, हे तुला सांगायला नको. आता ते 'वापरात नसलेलं' ठरवून बुजवायचं, वर तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायला परवाना द्यायचा, असा ठराव आहे. त्याला शेपूट जोडलंय: कॉम्प्लेक्सचं भाडं आलं तर घरपट्टी वाढणार नाही, नाही तर वाढेल. त्यामुळे आपल्याच रस्त्यावरचे लोक आपल्या कौन्सिलरकडे, तुझ्या बायकोकडे, डोळे वटारून बघतात. दोन्ही बाजू बरोबरीच्या आहेत. तिचा हात जिकडे जाईल तिकडे ठराव जाणार.

शंखाच्या दिवशीच पहिली झटापट झाली. सायकलवाला मणी, आपल्या शेजारच्या वॉर्डाचा कौन्सिलर, म्हणाला, "तळं बुजवणाऱ्यांनी आधी आपली तोंडं बुजवा." त्यावर समोरून काचेचा पेपरवेट आला. मणीचा ओठ फाटला. रक्त थुंकून म्हणतो कसा, "चेअरमनसार, पेपरवेट नगरपालिकेच्या मालकीचा आहे, जमा करून घ्या."

चंद्रमती ठीक आहे. तुझी लेक साईप्रियाही ठीक आहे. मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देते, तुझ्यासारखीच हट्टी.

आप्पा

तंजावर, ९ मार्च

रघू,

आज फार दिवसांनी मला कुणी 'गुरुजी' म्हटलं. गावाला मी 'वाद्यार'. म्हणजे तेच. पण तेच नव्हे.

दुपारी गाडी थांबली. पांढरी वेष्टी, सोन्याचं घड्याळ, अंगाला सेंटचा वास. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत? शंखाच्या वर जाणारा." बाळकृष्ण! आता बाळकृष्णराव म्हणायचं. लॉज आहे, सिमेंटची एजन्सी आहे, ओरत्तनाडूकडे जमिनी आहेत. मराठी कशी बोलतो म्हणून सांगू! थोडी मोडते, पण बोलतो. सबंध तासभर बोलला. तुझी आठवण काढली. म्हणाला, "रघू पैजेत हरला की माझी पाटी फोडायचा." हे खरं आहे का?

मग तिण्णैवर, बूथच्या काचेला पाठ लावून, डोळे मिटून त्यानं ती कविता म्हटली. सगळी. मध्ये कुठं अडखळला नाही. एक बाई आत फोनवर बोलत होती तीसुद्धा थांबली. रघू, मी म्हातारा आहे. माझं घर रोज माझ्याशी मराठी बोलतं, पण 'मीठ वाढा' आणि 'औषध घेतलंत का' एवढंच. कविता म्हणणारं माणूस माझ्या दारात किती वर्षांनी आलं!

जाताना त्यानं गाडीतून ताट आणलं. पितळेचं, जुनं, काठाला वेल कोरलेलं. वर नारळ, हळकुंडं, पानसुपारी. म्हणाला, "घराचा आशीर्वाद असावा." मी घेतलं. विडा लावून खाल्लासुद्धा.

तुला मस्कतमध्ये हे सगळं विसरायला झालं असेल, म्हणून लिहितो. आपल्या लोकांत असं ताट घेऊन विडा खाल्ला की घरानं शब्द दिला. काम होईपर्यंत ताट त्या घरात राहतं. शब्द परत घ्यायचा तर आपण होऊन ताट नेऊन टाकता येत नाही. ज्या बाईचं ताट आहे तिलाच ते परत मागावं लागतं. तुझ्या लग्नाचं ताट महिनाभर आपल्या देवघरात होतं, आठवतं? तुझी आई रोज त्याला हात लावून बघायची.

कामाचं तो काही बोलला नाही.

संध्याकाळी चंद्रमती आली. ताट बघितलं, माझे लाल ओठ बघितले. म्हणाली, "कुणाचं?" मी सांगितलं. रात्रीचं जेवण तिनं वाढलं, पण स्वतः जेवली नाही.

आप्पा

तंजावर, २१ मार्च

रघू,

काल ठरावाची सभा झाली. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो होतो.

चंद्रमती जायच्या आधी मी तिला म्हटलं, "शब्द माझा गेला आहे, निदान आज जाऊ नकोस, ताप आला म्हणून कळव." तर ती केस बांधता बांधता म्हणाली, "मामंजी, मत मागायला मी राणीकुळमच्या पायरीवर उभी राहिले होते. बायांनी माझ्या हातावर तळ्याचं पाणी ओतलं होतं. तो शब्द नव्हता का? का मराठीत नव्हता म्हणून शब्द नव्हता?"

मी चपला घालून तिच्या मागं निघालो.

सभा सुरू झाली ती आरडाओरड्यानंच. घरपट्टीचा तक्ता वाचायला लागले, कुणी वाचू देईना. राणीकुळमचं नाव निघालं आणि चेअरमननं 'अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करावा' म्हटलं. समोरचे हात भराभर वर गेले. सगळे चंद्रमतीकडे बघत होते. तिचे हात टेबलावर. मग 'प्रतिकूल', आणि तिनं हात वर केला. एकटीचा नव्हे, मणी होता, आणखी होते. पण तिचा हात वर जाताच खोलीतली हवाच फाटली म्हण.

कुणी तरी ओरडलं, "ताट घेतलेल्या घरातली बाई! सासऱ्यानं विडा खाल्ला, सून थुंकली!" तमिळमध्ये ओरडला, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हणजे बाळकृष्णानं ताटाची गोष्ट गावभर केली होती. मग खुर्च्या उडाल्या. लोखंडी खुर्ची मणीच्या कानावर बसली. कानाची पाळी लोंबायला लागली. एका माणसानं माइकची तार उपटून फासासारखी फिरवली. चंद्रमतीचा अंबाडा धरून एकानं तिला टेबलावरून मागं ओढलं. टेबलाच्या कडेवर तिचं डोकं आपटलेलं मला वर ऐकू आलं. मी बाकावरून ओरडत होतो, पण काय ओरडत होतो माहीत आहे? तिचं नावसुद्धा नव्हे. 'शांत बसा, शांत बसा,' वर्गातल्यासारखं.

आणि ती, रघू, उठली. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं. खुर्चीवर चढली आणि उजवा हात परत वर केला. पोलीस येईपर्यंत तो खाली केला नाही.

मोजणी झालीच नाही म्हणून सभा तहकूब. ११ एप्रिलला पुन्हा हात वर करायचे आहेत.

तिला थोडं खरचटलं आहे. काळजी करू नकोस.

आप्पा

तंजावर, २९ मार्च

रघू,

मोपेडवरून पडले असं तिनं तुला फोनवर सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. तिनं मला डोळ्यांनी दटावलं, 'बोललात तर बघा' म्हणून. बोललो नाही. लिहू नका असं ती म्हणाली नव्हती.

ती पडली नाही. तिला पाडलं.

बुधवारी सकाळी, चांगल्या उन्हात, ती भाजी घेऊन तळ्याच्या बाजूनं येत होती. व्हॅन आडवी घातली. तिघे उतरले. एकानं मोपेड लाथेनं लोटली. ती उठायच्या आत दोघांनी तिला फरफटत पायऱ्यांवर नेलं. ज्या पायरीवर बायांनी तिच्या हातावर पाणी ओतलं होतं तिथंच. उजवा हात दगडावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं अरुवाळ घातला. ऊस तोडायचा कोयता असतो ना, तो. दोन वार. पहिला दगडावर बसला, ठिणगी उडाली म्हणे. दुसरा नाही चुकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तळव्यावर मनगटापर्यंत टाके आहेत. जाताना तिसरा म्हणाला, "आता वर कर."

बोटं मणीनं शोधली. त्यानं डब्यात बर्फ घालून इस्पितळात नेली, पण उपयोग झाला नाही. "वाद्यारे, मी सायकलीचे सगळे सुटे भाग बसवतो," एवढं बोलला आणि तो आडदांड माणूस भिंतीला डोकं लावून लहान पोरासारखा रडला.

पायऱ्यांसमोर, आपल्याच रस्त्याच्या तोंडाशी, चहाची टपरी आहे, फुलवाली बसते, इस्त्रीवाला आहे. पोलिसांनी विचारलं. चहावाला म्हणाला, "मी दुधाकडे बघत होतो, उतू जात होतं." फुलवाली म्हणाली, "मी सुईत दोरा ओवत होते." इस्त्रीवाला खरं बोलला: "बघितलं. पण त्या घरानं ताट घेऊन शब्द मोडला. त्यांच्या घरातला हिशोब, आम्ही मध्ये का पडायचं?"

हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, माझ्या वेष्टीला घडी घालता घालता.

म्हणून आता मला तुला ९ तारखेचं पत्र पुरं करून दिलं पाहिजे. कामाचं तो काही बोलला नाही, असं मी लिहिलं होतं. बोलला होता. निघताना पुन्हा पाया पडला, उठताना म्हणाला होता, "गुरुजी, राणीकुळमच्या ठरावाला वहिनींचा हात अनुकूल हवा. तुमच्या घराचा शब्द हवा." स्पष्ट, मराठीत. मला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, "बघू, आधी कविता परत एकदा म्हण." त्यानं परत म्हटली. 'तळे न पुसते नाव तियेला.' तळं बुजवायला आलेला माणूस तळ्याची कविता म्हणतो आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी चाल ऐकत होतो. मग विडा खाल्ला.

साईप्रियाला पापनाशमला माझ्या बहिणीकडे, चिमाअक्काकडे पाठवलं आहे. जाताना ती आईच्या बांधलेल्या हाताकडे बघत मला मराठीत म्हणाली, "आजोबा, दुखतंय तिला." पहिल्यांदा. मराठी.

आप्पा

तंजावर, ६ एप्रिल

रघू,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उजव्या डोळ्यावर सूज आहे आणि चष्मा दोऱ्यानं बांधला आहे.

मी ताट परत करायला गेलो होतो. आपण होऊन ते परत करता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी गेलो. चंद्रमती म्हणाली होती, "मामंजी, नका. ताट तुमच्या मनात आहे, माझ्या नाही. मी हात वर करणारच आहे." पण तिच्यासाठी कुणी साक्ष देणार नाही, ११ तारखेला तळ्यावरून जाताना कुणी तिच्याबरोबर चालणार नाही, कारण ताट माझ्या घरात आहे. ते ज्यांच्या मनात आहे त्यांच्याकडेच अरुवाळ आहे.

बाळकृष्णाचं घर लॉजच्या मागं. ओसरीवर पाच-सहा माणसं पत्ते खेळत होती. मी ताट पुढं धरलं. म्हटलं, "बाळकृष्णा, हे घे. शब्द माझा होता, सुनेचा नव्हे."

तो हसला. "गुरुजी, खाल्लेला विडा पण आणलाय का?"

पत्तेवाले हसले. त्यांना मराठी येत नाही, पण हसले.

"तुझ्या आईचं ताट आहे," मी म्हटलं, "तिला विचार." ताटाच्या मागं तिचं नाव, 'भामा', कोरलेलं आहे, रघू, देवनागरीत, घरी आणून मी बोट फिरवून वाचलं होतं. लग्नात माहेरहून आलेलं असणार.

"तिला काय विचारायचं? म्हातारी झाली ती." मग त्यानं ताट माझ्या हातातून लाथेनं उडवलं. ते ओसरीच्या खांबावर आपटून अंगणात गरगरत राहिलं. इतका वेळ वाजत राहिलं ते की सगळे ते थांबायची वाट बघत होते.

"कविता म्हणा, गुरुजी," तो म्हणाला. "तुम्हाला आवडते ना? तुमच्यासाठीच पाठ केली होती परत. आठवडाभर. आता तुम्ही म्हणा."

त्यानं माझा दंड धरला. मी म्हणायला लागलो.

'घागर भरुनी जाई बाला.' एक थप्पड. चष्मा गेला.

'तळे न पुसते नाव तियेला.' मूठ होती ही. दात हलला, तोंडात मीठ आल्यासारखं झालं. एका पत्तेवाल्यानं मला मागून धरून उभं ठेवलं, नाही तर मी पडलो असतो.

'देता देता उणे न होई.' ही बरगडीत. लाथ. मी अंगणातल्या दगडावर पडलो आणि श्वासच येईना. वरून तो म्हणत होता, "चौथी! चौथी राहिली! शंखाच्या वर, गुरुजी!" तुमच्या लहानपणी मी तुम्हांला असंच ओरडायचो ना? अगदी तसाच आवाज.

मला चौथी म्हणता येईना. आठवत होती. येईना.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. बारीक, पण नीट. 'घेणाऱ्याची ओंजळ राही.'

भामा उभी होती. चौकट धरून. ही ओळ तिला मी कधी शिकवली नाही. तिचा मुलगा लहानपणी घोकायचा तेव्हा चुलीपाशी बसून तिनं ऐकली असणार. बाळकृष्णानं मागं वळून "आत जा" म्हटलं. ती गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली, अंगणात पडलेल्या ताटाकडे बघत राहिली. मग त्यानं दार ओढून घेतलं. दाराआड काही तरी पडल्याचा आवाज झाला. माणूस पडतं तसा.

मला त्यांनी रिक्षात टाकलं, ताट माझ्या मांडीवर टाकलं.

त्याच दुपारी बूथ जाळला. आम्ही दोघं इस्पितळात होतो, माझ्या बरगड्यांचा फोटो काढायला. येऊन बघतो तर तिण्णैचा काळा खड्डा झालेला, काच फुटून वितळलेली, पिवळी पाटी गुंडाळी होऊन लोंबत होती. ज्या फरशीवर तुमच्या पाट्या मांडलेल्या असायच्या ती तडकली आहे. मला वाटलं होतं मी रडेन. चंद्रमती डाव्या हातानं राख लोटत होती, मी उजव्या बाजूनं झाडू धरला. काही वेळानं ती म्हणाली, "कॅसेटचं दुकान असतं तर जास्त जळलं असतं."

फोन आता लागणार नाही. पत्रच.

आप्पा

तंजावर, ११ एप्रिल, सकाळ

रघू,

काल तू मणीच्या सायकलच्या दुकानात फोन केलास. तो धावत आला, कानाला पट्टी, पायात एकच चप्पल. "वाद्यारे, मस्कत! तुमचा मुलगा! म्हणाला, 'त्यांना सांगा, वाचलं.'" मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?" "एवढंच. मग बराच वेळ काही बोलला नाही. मी म्हटलं, सार, मिनिटामागं पैसे पडतात, तर फोन ठेवला."

'वाचलं' हा शब्द मी रात्रभर फिरवून फिरवून बघितला.

आज मत आहे. तासाभरात निघायचं. मणी आला आहे, डोक्यात हेल्मेट घालून. "अक्का, मी एक कान देऊन बसलोय, दुसरा वाचवायला हवा." चंद्रमती हसली. बोटं गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला म्हटलं, "डावा वर कर. डावा चालतो म्हणून चेअरमनला विचारतो." ती म्हणाली, "नाही मामंजी. उजवाच करणार. पट्टीसकट. त्यांना दिसू दे काय कापलं आणि काय राहिलं."

पण खरं सांगायचं तर तिच्याबरोबर आम्ही दोघंच आहोत. रस्ता रिकामा आहे. दारं उघडी, आणि त्यात माणसं उभी, पण उंबऱ्याच्या आत. कोपऱ्यावर पांढरी व्हॅन उभी आहे. तीच असावी. आत कोण आहे दिसत नाही, काचेवर उन्हाची तिरीप आहे. इस्त्रीवाला इस्त्री गरम करून बसला आहे आणि कपडा एकही घेत नाही. सगळ्यांना माहीत आहे, ताट आपल्या देवघरात आहे. चेपलेलं.

मी तिच्या पुढं चालणार आहे. वार करायचा तर आधी वाद्याराला करावा लागेल. हे मी तिला सांगितलेलं नाही.

एवढं लिहिलं आणि दाराची कडी वाजली. वेडं मन, रघू. मला वाटलं, तू. रात्रीचं विमान, सकाळची गाडी, सगळा हिशोब एका क्षणात करून टाकला मी. मणीनं कोपऱ्यातली काठी उचलली.

चंद्रमतीनं दार उघडलं.

भामा. अनवाणी. लॉजपासून इथपर्यंत, सगळ्या रस्त्यासमोर, एकटी चालत आली. विधवा झाल्यापासून तिला कुणी घराबाहेर बघितलं नव्हतं. डावा गाल जांभळा, ओठाला भेग, पदर नीट डोक्यावर. धाप लागली आहे, पण आवाज मोठा केला. मराठीत म्हटलं आणि मग परत तमिळमध्ये, समोरच्या दारांना ऐकू जाईल असं:

"माझं ताट आहे. माझं नाव आहे त्यावर. मला परत द्या."

इस्त्रीवाला उभा राहिला. फुलवालीही उठली. व्हॅनचं दार उघडलं आहे, पण उतरलेला माणूस तिथंच थांबला आहे, भामाकडे बघत.

मी उठायला लागलो तर चंद्रमती म्हणाली, "तुम्ही बसा मामंजी. लिहा त्यांना. हेही लिहा." आणि ती ताट आणायला देवघरात गेली.

भामा उंबऱ्याबाहेर उभी आहे. दोन्ही हात पुढं केले आहेत, ओंजळ करून.